कोंबडीच्या पोटातील जंत आणि अंगणातील माती

पाळीव कोंबडीचा मूळ पुरुष म्हणजे रानकोंबडा. हिमालयाच्या पायथ्याच्या सालवनांत तो आजही आढळतो. पहाटेपासून पालापाचोळा उकरीत तो हिंडतो, सापडतील त्या किड्यांवर व बियांवर गुजराण करतो आणि दिवस मावळताच एखाद्या झाडावर चढून बसतो. त्याच्या पोटातही जंत असतात. परंतु त्याची विष्ठा आज या झाडाखाली तर उद्या त्या ओढ्याकाठी अशी विखुरली जात असल्यामुळे त्या जंतांची अंडी पुन्हा त्याच्याच चोचीत येण्याचा संभव थोडा असतो. माणसाने या पक्ष्याला घरी आणले, रात्री त्याच्यावर डालगे झाकले, दिवसा त्याला त्याच अंगणात सोडले आणि त्याच्यापुढे दाणे टाकले तेही त्याच मातीत. मुंगसापासून व कोल्ह्यापासून पक्ष्याचे रक्षण झाले हे खरे. पण जंतांची जी सोय येथे झाली ती अरण्यात कधीच झाली नव्हती.

२०१९ साली झालेल्या विसाव्या पशुगणनेत भारतातील पाळीव पक्ष्यांची संख्या ८५ कोटी १८ लाख भरली. त्यांपैकी ३१ कोटी ७० लाख पक्षी परसातील होते, आणि २०१२ च्या गणनेच्या मानाने परसातील पक्ष्यांत सुमारे ४६ टक्क्यांनी वाढ झालेली दिसून आली. झाबुआचा कडकनाथ असो, हैदराबादच्या संशोधन संस्थेत तयार झालेली वनराजा किंवा ग्रामप्रिया असो, अथवा नाव नसलेली गावठी कोंबडी असो, हे पाच-दहा पक्षी बहुधा घरच्या बाईच्या ताब्यात असतात. अंड्यांचा पैसा तिच्या हाती येतो आणि घरातील मीठमिरची, मुलाची वही अशा किरकोळ खर्चाला तो उपयोगी पडतो. राणीखेत, ज्याला खेड्यात मानमोडी म्हणतात, तो रोग एका आठवड्यात खुराडे रिकामे करतो, म्हणून त्याचा बोभाटा होतो. जंताचे तसे नाही. तो क्वचितच मारतो. महिन्यात पंधरा अंडी देणारी कोंबडी दहावर येते, तलंग अंड्यावर यावयास दीड महिना उशीर लावते, पिल्ले खातात पण भरत नाहीत. आणि या नुकसानीचा हिशेब कोणीच मांडीत नाही. ‘जात हलकी निघाली’ किंवा ‘दृष्ट लागली’ एवढे म्हणून प्रश्न मिटविला जातो.

जंत झालेल्या कोंबडीचा तुरा फिकट पडतो, पिसे निस्तेज होतात, छातीचे हाड हाताला धारदार लागते, विष्ठा पातळ होते. मात्र ही लक्षणे केवळ जंतांचीच आहेत असे समजणे धोक्याचे आहे. अर्धपोटी राहणाऱ्या कोंबडीची दशा हीच होते. तसेच खुराड्याच्या भेगांत दिवसभर दडून राहणारे, खसखशीच्या दाण्याएवढे तांबूस किडे रात्री बाहेर पडून कोंबडीचे रक्त शोषतात. मातीच्या भिंतींच्या फटींतील गोचीडही तेच करते, आणि ते महिनोन् महिने उपाशी राहू शकते. अशा कोंबडीला जंताचे औषध कितीही पाजले तरी तिचा तुरा लाल होणार नाही. यास्तव पहिली तपासणी रात्री, दिवा घेऊन, खुराड्याच्या सांध्यांची करावी. तेथे काही न आढळल्यास मग पोटाचा विचार करावा.

पोटात राहणाऱ्या जंतांपैकी सर्वांत मोठा व परिचित असा जंत म्हणजे ॲस्करिडिया गॅली. पांढरट पिवळा, गोल अंगाचा, मादी सात ते बारा सेंटिमीटर लांब. तो लहान आतड्यात मोकळा राहतो आणि कोंबडीने पचविलेल्या अन्नावर आयता जगतो. संख्या फार वाढली तर कोवळ्या पिल्लाचे आतडे त्याच्या गुंताड्याने तुंबते. क्वचित एखादा जंत आतड्यातून खाली येऊन अंडवाहिनीत शिरतो व कवच तयार होण्यापूर्वीच अंड्यात अडकतो. असे अंडे फोडणाऱ्या गृहिणीला ते पुन्हा हाती धरवत नाही, यात नवल नाही. तथापि हा जंत माणसाला होत नाही, एवढे तिला सांगावयास हरकत नाही.

या जंताची मादी रोज हजारो अंडी घालते आणि ती विष्ठेबरोबर जमिनीवर पडतात. ताज्या विष्ठेतील अंडे कोंबडीने गिळले तरी तिला काही होत नाही. अंड्यात अळी तयार व्हावी लागते, आणि त्यासाठी ऊब, ओल व हवा या तिन्हींची गरज असते. अनुकूल स्थितीत हे काम दहा-बारा दिवसांत होते, थंडीत अधिक वेळ लागतो. एकदा अळी तयार झाली की ते अंडे जाड कवचाच्या आधाराने सावलीतल्या ओलसर मातीत अनेक महिने जिवंत राहते. कडक ऊन व कोरडेपणा मात्र त्याला सोसवत नाही. म्हणून मे महिन्यातील भाजलेले अंगण आणि श्रावणातील चिखल झालेले अंगण, ही जागा एकच असली तरी कोंबडीच्या दृष्टीने दोन निराळ्या जागा आहेत.

असे तयार अंडे दाण्याबरोबर पोटात गेले की अळी बाहेर पडते. पहिला आठवडाभर ती आतड्याच्या पोकळीत राहते. नंतर आतड्याच्या आतल्या अस्तरात डोके खुपसून सुमारे दहा दिवस तेथेच राहते. अस्तर सुजते, त्यातून रक्त झिरपते, अन्न शोषले जात नाही. मोठ्या जंतापेक्षा अधिक हानी या दिवसांत होते. त्यानंतर ती पुन्हा पोकळीत येते, आणि गिळल्यापासून पाच ते आठ आठवड्यांनी स्वतः अंडी घालू लागते. या आकड्यांकडे वाचकाने जरा लक्ष द्यावे; औषध केव्हा द्यावयाचे याचे उत्तर त्यांतच आहे.

तीन महिन्यांहून मोठ्या कोंबडीच्या अंगी या जंताविरुद्ध बरीच प्रतिकारशक्ती येते. तिच्या पोटात थोडे जंत असतात, तिला फारसे जाणवत नाही, आणि ती अंगणभर अंडी पेरीत फिरते. याच अंगणात खुडूक उठलेली आई आपली आठ दिवसांची पिल्ले घेऊन उतरते. निरोगी दिसणारी जुनी कोंबडी हीच पिल्लांच्या दुखण्याचे कारण असू शकते, हे कोणाच्या ध्यानातही येत नाही.

दुसरा जंत आकाराने लहान, जेमतेम सेंटिमीटर-दीड सेंटिमीटर. कोंबडीच्या आतड्याला शेवटाकडे दोन बंद तोंडाच्या नळ्या असतात, त्यांना आंधळी आतडी म्हणतात. तेथे हेटेरॅकिस नावाचा हा जंत राहतो. कोंबडीला त्याचा उपद्रव नाही म्हटले तरी चालेल. तरीही विज्ञानाच्या इतिहासात त्याला मानाचे स्थान आहे, ते एका निराळ्याच कारणाने. अमेरिकेत टर्की पक्ष्यांचे कळपच्या कळप यकृताच्या एका रोगाने मरत. थिओबाल्ड स्मिथ या शास्त्रज्ञाने १८९५ साली त्या रोगाचा एकपेशीय जंतू शोधून काढला. पण हा जंतू उघड्यावर काही तासांतच मरतो. मग वर्षभर रिकाम्या ठेवलेल्या जमिनीवर नवे टर्की सोडले तरी ते आजारी का पडतात, हे कोडे पंचवीस वर्षे सुटले नाही. १९२० साली ग्रेबिल व स्मिथ यांनी टर्कीच्या पिल्लांना हेटेरॅकिसची परिपक्व अंडी खाऊ घातली, आणि ती पिल्ले नेमक्या त्याच रोगाने मेली. जंतू जंताच्या अंड्यात बसून प्रवास करीत होता! पुढे असेही आढळले की ही अंडी गांडूळ गिळते, त्याच्या शरीरात अळ्या टिकून राहतात, आणि पावसाने वर आलेले गांडूळ पक्ष्याने टिपले की तिन्ही एकदम पोटात जातात. नावेत होडी आणि होडीत उतारू असा हा प्रकार. कोंबड्यांच्या अंगणात टर्की पाळू नयेत हा नियम या शोधातून आला. आपल्याकडे टर्की पाळणारे थोडे असले तरी त्यांनी तो पाळणे अगत्याचे आहे.

चपटे जंत, म्हणजे पट्टकृमी, यांची तऱ्हा याहून वेगळी. त्यांची अंडी थेट कोंबडीला बाधत नाहीत; त्यांना मध्ये एक यजमान लागतो. रायलिएटिना या जातीच्या काही जंतांचा यजमान मुंगी, काहींचा भुंगेरा. दुसऱ्या एका जातीचा घरमाशी. विष्ठेवर तांदळाच्या कणीसारखे पांढरे तुकडे वळवळताना दिसले की ते पट्टकृमीचे सुटलेले भाग समजावेत. एका जातीचा कृमी आतड्याच्या भिंतीत इतका रुततो की बाहेरून गाठी दिसू लागतात, आणि त्या क्षयाच्या गाठी असाव्यात असा भास अनुभवी माणसालाही होतो. मोकाट हिंडून किडे टिपणाऱ्या कोंबडीला पट्टकृमी होणारच. तिला किडे खाऊ न देणे हा त्यावर उपाय नव्हे; किड्यांतून तिला जी प्रथिने मिळतात ती गरीब घरात दुसरीकडून येणार नाहीत. उकिरडा खुराड्यापासून दूर नेला व ओली विष्ठा रोजच्या रोज उचलली तर माश्या आणि भुंगेरे कमी होतात, एवढे मात्र साधते.

येथवर जे वर्णिले ते सर्व दीर्घसूत्री शत्रू होत. परंतु जंत म्हणून ज्याच्यावर औषध पाजले जाते आणि जो मुळी जंतच नाही, असा एक रोग आहे आणि पिल्लांचा खरा काळ तोच होय. त्याला रक्ती हगवण म्हणतात. आयमेरिया नावाच्या, डोळ्यांना न दिसणाऱ्या एकपेशीय जीवांपासून तो होतो. कोंबडीत राहणाऱ्या यांच्या सात जाती मानल्या जातात. त्यांपैकी आयमेरिया टेनेला ही आंधळ्या आतड्यांत वाढणारी जात सर्वांत घातक. विष्ठेतून पडलेली तिची कवचधारी पुटी ओलसर उबेत अवघ्या एक-दोन दिवसांत रोगकारक बनते. पावसाळ्यात गळणाऱ्या पाण्याच्या भांड्याभोवती जो चिखल होतो, तेथे तिची पैदास सर्वांत जोमाने चालते.

पिल्लाने ही पुटी गिळल्यानंतर चार दिवस बाहेरून काही दिसत नाही. आत मात्र जीव पेशीत शिरतो, वाढतो, पेशी फोडून बाहेर पडतो व नव्या पेशींत घुसतो. पाचव्या दिवशी विष्ठेत रक्त दिसते. पाचव्यापासून सातव्या दिवसापर्यंत पिल्ले मरतात. जी त्यातून वाचतात ती पुढे चार-सहा दिवसांत सावरतात व त्या जातीपुरती त्यांना प्रतिकारशक्ती येते. म्हणजे रक्त दिसल्यापासून उपायाला मिळणारा अवधी एक-दोन दिवसांचा. या अवधीत घरात असलेले जंताचे औषध पाजले गेले, तर त्याचा या जीवावर काडीमात्र परिणाम होत नाही आणि ती वेळ हातची जाते. तीन ते सहा आठवड्यांचे पिल्लू पंख सोडून, डोळे मिटून कोपऱ्यात उभे आहे आणि विष्ठा लाल आहे, असे दिसताच जंताचा विचार बाजूला ठेवावा व त्याच दिवशी पशुवैद्याकडून रक्ती हगवणीचे औषध आणावे.

या रोगावर १९४८ पासून सल्फाक्विनॉक्सलीन व १९६० पासून अँप्रोलियम वापरात आले. अँप्रोलियमची युक्ती मोठी गमतीची आहे. त्याची घडण ब-१ जीवनसत्त्वासारखी असल्यामुळे तो सूक्ष्म जीव जीवनसत्त्व समजून औषधच ओढून घेतो व उपासमारीने मरतो. पण पुष्कळ ठिकाणी अशक्त पिल्लांना शक्ती यावी म्हणून त्याच पाण्यात ब-जीवनसत्त्वाचे टॉनिकही मिसळले जाते. रोग्याची उपासमार करावयाची की रोगजंतूची, याचा निर्णय न करता दोघांनाही पोसण्याचाच हा प्रकार झाला. टॉनिक द्यावयाचेच तर ते औषधाचा क्रम संपल्यावर द्यावे.

मग पोटात काय आहे हे ओळखावे कसे? सर्वांत सोपी संधी स्वयंपाकघरात मिळते. घरी कोंबडी कापली की तिचे आतडे उकिरड्यावर भिरकावण्यापूर्वी कात्रीने उभे चिरून पाण्याच्या थाळीत पसरावे. गोल जंत, पट्टकृमी, आंधळ्या आतड्याच्या टोकाशी वळवळणारे बारीक जंत, हे सर्व नुसत्या डोळ्यांनी दिसतात. जे एका कोंबडीत आहे ते त्या अंगणातील इतर कोंबड्यांतही असणार. जिवंत पक्ष्यांची तपासणी करावयाची तर चार-पाच ठिकाणची ताजी विष्ठा डबीत घालून पशुवैद्यकीय दवाखान्यात न्यावी. तेथे ती मिठाच्या संपृक्त पाण्यात कालवून गाळतात. जंतांची अंडी त्या जड पाण्यापेक्षा हलकी असल्याने काही मिनिटांत तरंगून वर येतात व वर ठेवलेल्या काचेला चिकटतात. ती काच सूक्ष्मदर्शकाखाली धरली की झाले. रक्ती हगवणीच्या पुट्याही याच रीतीने दिसतात. अवघड प्रकरणांसाठी मोठ्या प्रयोगशाळा आहेत. इज्जतनगरची भारतीय पशुचिकित्सा संशोधन संस्था ही त्यांतली अग्रगण्य. तिचा जन्म १८८९ साली पुण्यात झाला होता, ही गोष्ट मराठी वाचकांपैकीही थोड्यांनाच ठाऊक असेल.

औषधांचा इतिहास फार जुना नाही. आयुर्वेदात कंपिल्लक, म्हणजे शेंदरीच्या फळांवरील लाल पूड, कृमिघ्न म्हणून सांगितली आहे आणि पट्टकृमीवर ती पाश्चात्त्य वैद्यकातही वापरली गेली. विसाव्या शतकाच्या आरंभी गोल जंतांसाठी कोंबड्यांना तंबाखूची पूड चारीत. तिच्यातील निकोटीन जंताला मारी, पण मात्रा थोडी चुकली तर कोंबडीलाही मारी. १९५० नंतरच्या दशकात पायपरेझीन आले व हा धोका टळला. ते जंताला मारीत नाही, लुळे करते. आतड्याची पकड सुटलेला जंत विष्ठेबरोबर जिवंतच बाहेर पडतो. त्याचा अंमल मोठ्या गोल जंतावरच चालतो. आंधळ्या आतड्यातील जंतावर त्याचा भरवसा धरता येत नाही, पट्टकृमीवर तर ते निरुपयोगीच. १९७० नंतरच्या दशकात फेनबेंडॅझोल व त्या कुळातील इतर औषधे आली. त्यांचा आवाका मोठा असून गोल जंतांच्या अनेक जातींवर ती चालतात. पट्टकृमीसाठी प्राझिक्वांटेलसारखे निराळे औषध लागते. सर्व जंतांवर एकच पुडी, ही बाजारातील जाहिरात आहे.

मात्रा वजनावर ठरते. दीड किलोच्या दहा कोंबड्या म्हणजे पंधरा किलो वजन. अंड्यावरच्या कोंबड्यांसाठी फेनबेंडॅझोलचे पाण्यातून देण्याचे जे प्रमाण युरोप-अमेरिकेत मान्य झाले आहे ते दर किलोस रोज एक मिलिग्रॅम, असे पाच दिवस. म्हणजे या कळपाला रोज पंधरा मिलिग्रॅम. ते प्रमाण पाण्यात एकजीव होणाऱ्या खास मिश्रणाचे आहे. हे औषध मुळात पाण्यात विरघळत नाही. साधी पूड मडक्यात टाकली तर ती तळाशी बसते आणि शेवटी पिणाऱ्या एक-दोन कोंबड्यांच्याच वाट्याला येते. म्हणून कोणत्या स्वरूपात व किती द्यावे हे पशुवैद्याला विचारूनच ठरवावे. पाण्यातून द्यावयाचे असल्यास सकाळी, कोंबड्या तहानलेल्या असताना द्यावे आणि त्या दिवशी परसातील डबकी, नांद, ओटीवरची भांडी झाकून ठेवावीत. नाही तर औषध तसेच राहते. पुरेशी मात्रा न देता वारंवार औषध पाजल्याने कमजोर जंत मरतात, चिवट उरतात व त्यांचीच प्रजा वाढते.

अंड्यांविषयी एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. अंड्याचा पिवळा बलक एका दिवसात तयार होत नाही. अंडे घालण्यापूर्वीच्या सुमारे दहा दिवसांत तो थरावर थर असा भरत जातो. चरबीत विरघळणारे औषध या थरांत साठते आणि औषध बंद केल्यावरही आठवड्याने दिलेल्या अंड्यातून बाहेर येऊ शकते. गोचिडांसाठी म्हणून गुरांचे आयव्हरमेक्टिन कोंबडीला देण्याची चाल काही ठिकाणी आहे. ते औषध याच प्रकारातले आहे. वेष्टनावर अंडी किती दिवस वर्ज्य ते लिहिलेले असते. लिहिलेले नसेल तर ते औषध अंड्यावरच्या कोंबडीसाठी नाही असे समजावे. ती अंडी बाजारात धाडणे जितके गैर, तितकेच घरच्या मुलाला वाढणे गैर.

आता पूर्वीच्या आकड्यांकडे वळू. औषध दिले त्या दिवशी पोकळीतील मोठे जंत पडतात. अस्तरात रुतलेल्या अळ्या, विशेषतः पायपरेझीन दिले असेल तर, बहुतेक वाचतात. त्या बाहेर येऊन अंडी घालू लागण्यापूर्वी त्यांना गाठावयाचे असते, म्हणून सुमारे तीन आठवड्यांनी दुसरी मात्रा द्यावी लागते. पहिल्या मात्रेनंतर दोन-तीन दिवस कोंबड्या बांधून ठेवाव्यात व पडलेली सर्व विष्ठा दूर नेऊन खड्ड्यात पुरावी, कारण बाहेर पडलेल्या मादीच्या पोटात अंडी असतातच आणि औषधाने ती मरतील असा भरवसा धरता येत नाही. खुराड्यातील भाताचे तूस काढून नवे, कोरडे पसरावे. दाणे जमिनीवर न फेकता उथळ घमेल्यात द्यावेत, आणि घमेल्यात कोंबडी उभी राहणार नाही अशी वर एक काठी आडवी बांधावी. पाण्याचे भांडे विटांवर ठेवून खाली रेती घालावी. पिल्लांना पहिले दोन महिने जुन्या कोंबड्यांच्या वावराबाहेरची जागा द्यावी. अंगण लहान असेल तर कुडाने त्याचे दोन भाग करून एका भागाला उन्हाळाभर विश्रांती दिली तरी पुष्कळ फरक पडतो. पावसाळा लागण्यापूर्वी आणि तो संपल्यावर अशा दोन वेळा विष्ठेची तपासणी व्हावी, व मानमोडीची लस टोचावयाची असेल तर तपासणी आणि औषध तिच्या आठवडाभर आधी उरकून घ्यावे.

दुसऱ्या मात्रेनंतर दोन आठवड्यांनी विष्ठेची डबी पुन्हा दवाखान्यात न्यावी. काचेवर अंडी दिसली नाहीत तर पुढच्या हंगामापर्यंत औषधाला हात लावण्याचे कारण नाही. पहिल्याइतकीच दिसली, तर मात्रा कमी पडली किंवा त्या अंगणातील जंत त्या औषधाला सरावले आहेत, यांपैकी एक गोष्ट ठरते. आणि मग पशुवैद्य औषध बदलतो.